बिडवे सिस्टरांचं कारंजं

“पाण्याचे खेळ?” हंगे काकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. “आपल्या गल्लीत? मे महिन्यात?”

“हो. शनिवारी, नळाच्या दिवशी. चार वाजता,” बिडवे सिस्टरांची नात मृदू म्हणाली. सुट्टीला नांदेडहून आलेली ती पोर पाठ केलेली कविता म्हणावी तशी एका दमात बोलत होती. “लेकरांनी जुने कपडे घालून यायचं. आई-बाबांनी पण यायचं. दोघांनीही यायचं, असं आजीनं सांगितलंय.”

“दोघांनी कशाला गं?”

“शेवटचा खेळ बाबा लोकांचा आहे ना.”

एवढं सांगून ती उड्या मारत पुढच्या घरी गेली. आम्ही दोघी काकूंच्या ओट्यावर पापड लाटत बसलो होतो. काकूंनी पोळपाट बाजूला सारला आणि आवाज खाली आणला.

“तेजूची आई, ह्यात काहीतरी काळंबेरं आहे बघा.”

मलाही तसंच वाटलं होतं. त्या वर्षी आमच्या गल्लीत कोणी कोणाला नुसतं ‘जेवलात का’ विचारलं तरी ऐकणाऱ्याला त्यात काहीतरी काळंबेरं दिसायचं.

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातली. आमची तेजू तेव्हा दुसरीत होती. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास नळ यायचा. गल्ली चढाची. खालच्या तोंडाला आमचं घर, शेजारी हंग्यांचं, आणि वर अगदी टोकाला बिडवे सिस्टरांचं. पाइप सगळ्यांना मिळून एकच. पाणी खालून वर चढत जायचं आणि सिस्टरांच्या दारापर्यंत पोचता पोचता त्याचा जीव जायचा. करंगळीएवढी धार लागली तरी त्या बाई हात जोडायच्या. त्या वर्षी तीही बंद झाली.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. उंच, हडकुळ्या, सडेतोड. गल्लीतल्या निम्म्या लेकरांची नाळ त्यांनीच कापलेली, त्यामुळे त्यांच्यासमोर मोठी माणसंसुद्धा जरा दबून असायची. पाडवा झाल्यावर त्यांनी सगळ्यांना पारावर गोळा केलं आणि सरळ सांगून टाकलं, “गल्लीत कोणीतरी टिल्लू लावायलंय.”

टिल्लू म्हणजे काखेत मावेल एवढी विजेची मोटार. ती नळाला थेट जोडली की पाइपातलं पाणी ओढून आपल्या हौदात घेता येतं. वरच्या घरांनी मग नळाला कान लावून नुसती हवा ऐकावी. टिल्लू लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातला घास उचलणं, असं सगळेच म्हणायचे, आणि शेजारी तो उचलतो याची प्रत्येकाला खात्री होती.

“पाइपात गाळ बसला असंल,” घुगे भाऊजी म्हणाले. ते गल्लीतले पुढारी. “मोटार-बिटार कोणी लावत नाही इथं.”

“मग घ्या शपथ,” सिस्टर म्हणाल्या.

घुगे भाऊजींनी कुलदैवताची शपथ घेतली. हंगे काकांनी गळ्यातल्या माळेला हात लावला. आमच्या ह्यांनी शेजारी उभ्या असलेल्या तेजूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “माझ्या लेकीची शपथ. आमच्या घरात मोटार नाही.”

परत येताना मी म्हणाले, “लेकराची शपथ कशाला घ्यायची? देव नव्हते का?”

“खरं असल्यावर शपथेला काय भ्यायचं?” हे म्हणाले.

उलट मनातून मला अभिमानच वाटला. आमचे हे कृषी खात्यात कारकून, चार माणसांत फार न बोलणारे. पण नळाच्या दिवशी गल्लीतले बाकीचे पुरुष पेपर उघडून बसायचे आणि बायका हंडे-कळश्या घेऊन कमरेचे काटे ढिले करायच्या, तेव्हा हे पँट दुमडून स्वतः पाणी भरायचे. मला म्हणायचे, “तू तेजूला घेऊन दत्ताच्या देवळात जाऊन ये. हे मी बघतो.” मी परत यायचे तो हौद काठोकाठ, पिंप भरलेलं, रेडिओ मोठ्यानं चाललेला आणि हे अंग पुसत बसलेले. “नशीब काढलंत बाई,” काकू म्हणायच्या. आमचं घर उताराला, म्हणून पाणी भरपूर, असं हे सांगायचे, आणि घर उताराला होतंच.

माझा संशय होता तो हंग्यांवर. ऐन वैशाखात काकूंची तुळस कमरेएवढी हिरवीगार. अंगणात सकाळ-संध्याकाळ सडा. एवढं पाणी काय आकाशातून पडतं? काकूंचा संशय घुग्यांवर. घुग्यांचा कोणावर ते मला माहीत नव्हतं, पण आमच्या दारावरून जाताना ते जरा हळू चालायचे.

आणि अशात, जिच्या घरात प्यायलासुद्धा टँकरचं पाणी, ती बाई आमच्या लेकरांना पाण्याचे खेळ खेळवणार होती.

“नगरपालिकेची माणसं बोलावली असतील,” काकू म्हणाल्या. “आपण तिकडं खेळ बघत बसायचं आणि ते लोक इकडं घराघरात शिरून मोटारी धुंडणार.”

“धुंडू द्या की. मोटारच नाही तर काय सापडणार?” मी म्हणाले आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

काकूंनी पापड उलटा केला, पुन्हा सुलटा केला. “तेच म्हणते मी. नाहीतर मग लेकरांना फोडून विचारायचा डाव असंल. लेकरांचं काय, एका बर्फाच्या गोळ्यावर घरातलं सगळं सांगतात. आणि ती सिस्टर आहे, वहिनी. सुई टोचायच्या आधी हे लोक लई गोड बोलतात.”

संध्याकाळी चहा देताना मी ह्यांना सांगितलं. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. तेजू ओल्या फडक्यानं तोंड पुसत फरशीवर लोळत होती.

“पाठवू नको तेजूला,” हे म्हणाले. “तिला सर्दी आहे.”

“सर्दी कुठाय?”

“भिजल्यावर होईल ना.”

“ह्या उकाड्यात? अहो, पोरगी भाजून निघायलीय. त्यापेक्षा परसातला तो कूलर तरी दुरुस्त करून आणा.”

“त्याला करंट येतोय म्हणून सांगितलंय ना तुला? हात लावू नको त्याला. आणि तिलाही तिकडं जाऊ देऊ नको.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि नळाच्या दिवशी घर सोडून कोण जातंय? तुम्ही दोघी जा. मी थांबतो.”

“दोघांनाही बोलावलंय. सगळ्यांचे वडील येणारेत. तुम्ही एकटेच आला नाहीत तर कसं दिसंल?”

ह्यांनी चहा ढवळला. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळत राहिले. “बरं दिसणार नाही,” शेवटी म्हणाले. “येतो. पण चांगलं पाणी सुटलं की मी निघणार.”

नळाला पहिला अर्धा तास गढूळ पाणी यायचं. ते एरवी लोक गटारीत सोडून द्यायचे. सिस्टरांनी सगळ्यांना तेवढ्यावरच पटवलं होतं: गढूळ पाणी असेपर्यंत लेकरं खेळतील, निवळलं की आपापल्या घरी जा. नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती. ज्यानं नाही म्हटलं असतं त्याच्याकडे गल्लीनं बोट दाखवलं असतं.

शुक्रवारी मी विरजण मागायचं निमित्त करून सिस्टरांकडे गेले. माझ्या घरात चांगलं वाडगाभर दही होतं. सिस्टर अंगणात शेगडीवर दाभण तापवून प्लॅस्टिकच्या बाटलीला भोकं पाडत होत्या. शेजारी जुन्या गादीतल्या फोमचे चौकोनी तुकडे, बुडाला भोकं पाडलेले मग, घडी घातलेली ताडपत्री. लग्नघर असावं तशी तयारी होती.

“हे काय करायलात?”

“कारंजं. नळाला पाइप लावायचा, पाइपाच्या तोंडाला बाटली. बाटलीतून पाणी वर उडतं. लेकरं खाली नाचतात.”

“पण तुमच्याकडं तर नळाला पाणीच येत नाही.”

“शनिवारी येईल,” सिस्टर म्हणाल्या आणि बाटली उजेडासमोर धरून भोकं तपासू लागल्या.

त्यांनी ते इतकं सहज म्हटलं की मला त्यांची भीतीच वाटली. विरजणाची वाटी घेऊन निघाले तर मागून म्हणाल्या, “तुमचे जोगदंड भाऊजी येणारेत ना?”

“येणारेत. का हो?”

“सगळ्यांचंच विचारायलेय.”

सगळ्यांचं विचारत असतील, तर मग आमचं नाव घेऊन कशाला विचारलं? मी काकूंना जाऊन विचारलं. काकू म्हणाल्या, “आमचंही विचारलं त्यांनी.” मला बरं वाटलं. मग वाटलं, काकू खरं बोलत असतील कशावरून?

शनिवारी चारला अख्खी गल्ली वर गेली. घराघराला कुलूप. काकूंनी तर कडीत काळा दोरा अडकवला होता, मागं कोणी दार उघडलंच तर कळावं म्हणून. सिस्टरांच्या अंगणात लिंबाच्या सावलीत सतरंज्या, कैरीचं पन्हं, भेळ. बायका सतरंजीवर, पुरुष झाडाखाली उभे, आणि सगळ्यांचा एक डोळा लेकरांवर, एक दुसऱ्यावर.

लेकरांना मात्र कसलीच फिकीर नव्हती. पिंपातलं पाणी गळक्या मगात भरायचं, बुडाची भोकं बोटांनी दाबून धरायची आणि पळत जाऊन पलीकडच्या बादलीत ओतायचं. ज्यांची बादली आधी भरेल ते जिंकले. निम्मं पाणी चड्डीवर सांडायचं, तरी पोरं छाती काढून परत यायची. मग ताडपत्रीवर साबणाचं पाणी टाकून घसरगुंडी. मग डोळे बांधून फोमच्या ओल्या बोळ्यानं एकमेकांना मारायचं. सिस्टर गळ्यात शिट्टी अडकवून मधोमध उभ्या होत्या. तेजू घसरताना किंचाळत होती, आणि तिच्या अंगावर मी कितीतरी दिवसांनी एवढं पाणी बघत होते. भरलेला हौदही आठवडाभर पुरवायचा, म्हणून घरी ती घमेल्यात बसून एका बादलीत अंघोळ करायची, तेच पाणी मी संडासाला वापरायचे.

“पाणी कुठून आणलं असंल हो एवढं?” काकू कुजबुजल्या.

“टँकरचं. साठवलं असेल.”

“आणि ते आपल्या लेकरांवर उधळायलेत? फुकट? नाही पटत बाई.”

पाचचा भोंगा झाला. नळ गुरगुरला, खोकला, थोडी हवा टाकली. सिस्टरांनी रबरी पाइपाच्या टोकाला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं घट्ट बांधलेली ती बाटली दोन विटांच्या मधे उभी केली होती. आधी तिच्यातून मातकट थेंब आले. मग बाटली थरथरली आणि पाणी एकदम उसळलं. लिंबाच्या खालच्या फांदीपर्यंत गेलं. चहाच्या रंगाचं, गंजाच्या वासाचं, पण भरभरून. लेकरांनी एकच कल्ला केला आणि सगळी त्याच्याखाली घुसली.

त्या अंगणात नळाचं पाणी एवढं चढलेलं कोणी कधी बघितलं नव्हतं.

“म्हणजे पाइपात गाळ नाही तर,” सिस्टर घुगे भाऊजींना म्हणाल्या.

भाऊजींनी पन्ह्याचा पेला तोंडाला लावला. “दिसत नाही खरा.”

आता माझ्या ध्यानात आलं की बाईंनी काय केलं होतं. गल्लीतली सगळी घरं बंद, सगळे नळ बंद, सगळी माणसं डोळ्यांसमोर. पाइप दोषी नाही एवढं तर सगळ्यांना दाखवून झालं. मी काकूंकडे बघितलं. काकू माझ्याकडेच बघत होत्या. दोघींनीही नजर वळवली. मनात म्हणाले, आता कळेल काकूंची तुळस कशावर पोसते ते.

पाण्याचा रंग हळूहळू उतरत होता. चहाचा ताकासारखा झाला. बायका पदर सावरू लागल्या. सिस्टरांनी प्रत्येक लेकराच्या हातात पाण्यानं भरलेला एक एक फुगा दिला. “कोणी फोडायचा नाही. शिट्टी वाजल्याशिवाय नाही.”

आणि तेवढ्यात कारंजं पडलं.

खाली कोणी नळ उघडल्यावर पाणी हळूहळू कमी होतं, तसं नाही. फांदीपर्यंत गेलेलं पाणी धपकन खाली आलं. बाटलीनं सुर्र करून उलटी हवा ओढली. सिस्टरांनी बाटली काढून पाइपाच्या तोंडावर तळहात ठेवला, आणि तो तळहात पाइपाला चिकटून बसलेला आम्ही सगळ्यांनी बघितला. पाइप हात ओढत होता.

कुठंतरी खाली मोटार चालू होती.

सिस्टरांनी हात सोडवून घेतला, पदराला पुसला आणि शिट्टी वाजवली. “शेवटचा खेळ. ज्यानं-त्यानं आपापल्या बाबांना शोधायचं आणि त्यांच्या अंगावर फुगा फोडायचा. पळा.”

पोरं सुटली. घुग्यांच्या जुळ्यांनी भाऊजींना दोन्ही बाजूंनी गाठलं. हंगे काकांना त्यांच्या धाकट्यानं पोटावरच हाणलं. कोणी मिशीतून, कोणी चष्म्यातून पाणी निथळत उभे राहिले. हसणं मात्र कोणाच्या तोंडातून फुटत नव्हतं. ज्याचा त्याचा फुगा फुटत गेला तसतसा ज्याचा त्याचा चेहरा सैल होत गेला.

तेजू अंगणाच्या मधोमध उभी होती. फुगा दोन्ही हातांत छातीशी धरलेला. तिनं झाडाखाली बघितलं, भिंतीपाशी बघितलं, पुन्हा झाडाखाली बघितलं.

“आई, पप्पा कुठायत?”

मी झाडाखाली बघितलं. ह्यांची जागा रिकामी होती.

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती, नाही असं दाखवून बघत होती. काकू म्हणाल्या, “गेले असतील लघवीला-बिघवीला.” त्यांनी मला सांभाळून घ्यायला म्हटलं की खिजवायला, ते त्यांच्या आवाजावरून ठरवता येत नव्हतं.

“बघून येते,” मी म्हणाले आणि तेजूचं बोट धरलं.

गल्ली उतरताना मी प्रत्येक दारापाशी कान दिला. देवा, इथून आवाज येऊ दे. घुग्यांच्या दाराशी थांबले. काही नाही. पुढच्या घरापाशी थांबले. काही नाही. हंग्यांच्या कडीतला काळा दोरा होता तसाच होता. त्या दोऱ्याचा मला राग आला, एवढा राग आला की तो ओढून तोडावा वाटलं. मग आमचं दार. कुलूप काढलेलं. आत रेडिओ मोठ्यानं चाललेला, कुठल्याशा सामन्याचं समालोचन. त्या समालोचनाच्या खालून एक बारीक, सलग घरघर येत होती.

परसात नळाच्या खड्ड्यापाशी कूलर उभा होता, तोच, करंट मारणारा. त्याचं मागचं पत्र्याचं दार उघडं. नळातून एक पाइप आत गेलेला, दुसरा आतून निघून हौदात. हे उकिडवे बसले होते. मला बघून आधी रेडिओच्या दिशेनं बघितलं, मग तेजूकडे.

“हिला घेऊन कशाला आलीस?”

“पप्पा, कूलर चालू झाला?” तेजूनं विचारलं. तिला खरंच आनंद झाला होता.

ह्यांनी कूलरचं पत्र्याचं दार लोटून घेतलं.

“बंद करा,” मी म्हणाले.

“आता नको. आता बंद केली तर वर लगेच पाणी चढंल. अख्खी गल्ली तिथं बसलीय. कळंल सगळ्यांना.” हे उठून जवळ आले, आवाज अगदी शांत. ऑफिसात फाईल समजावून सांगतात तसा. “जरा दम धर. दहा मिनिटांत सगळे घरी येतील, नळ उघडतील. मग कोणाचं पाणी कुणी ओढलं, काय कळायचंय? तू वर जा. सांग, पोटात कळ आली म्हणून घरी आले.”

ह्यांचं म्हणणं बरोबर होतं. दहा मिनिटं कळ काढली असती तर संशय उरला असता, पण संशय तर आमच्या गल्लीत सगळ्यांवरच होता. त्यात आणखी एकाची भर. मी वर गेले असते, पोट धरून हसत काहीतरी सांगितलं असतं, आणि त्या रात्री सगळ्यांसारखाच आमच्याही घरी स्वयंपाक झाला असता.

“तुम्ही हिच्या डोक्यावर हात ठेवला होता,” मी म्हणाले.

“घरात मोटार नाही म्हणलं होतं मी. खोटं काय आहे त्यात? परसात आहे.”

मी ह्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. हे थट्टा करत नव्हते. ती शपथ घेताना ह्यांनी तेवढी काळजी घेतली होती. लेकीचा जीव सांभाळून खोटं बोलले होते, आणि त्याचं ह्यांना समाधानही होतं.

“आणि केलं कोणासाठी मी हे?” हे म्हणाले. “तुला कधी हंडा उचलू दिला? सांग ना. गल्लीतली एक तरी बाई दाखव जिला…”

“देवळात धाडायचात मला,” मी म्हणाले. एवढंच तोंडातून आलं. मला रडू येत होतं आणि ते मला येऊ द्यायचं नव्हतं.

मी कूलरकडे गेले. पिन भिंतीतल्या सॉकेटात होती. हात पुढे केला तेव्हाही मनात आलं, करंट बसेल. इतके दिवस ऐकलेलं एका क्षणात कसं जाणार? बसला नाही. पिन उपटली, घरघर थांबली. आत समालोचक कोणाच्या तरी चौकाराचं कौतुक करत राहिला.

मग वरून, गल्लीच्या टोकाकडून, लेकरांचा ओरडा आला. चाळीस घरांपर्यंत ऐकू जावा असा. पाणी चढलं होतं.

“झालं समाधान?” हे म्हणाले आणि खड्ड्याच्या कडेवर बसले.

“आई, माझा फुगा राहिलाय,” तेजू म्हणाली.

पप्पा तर समोरच बसले होते. पण तिनं फुगा मारला नाही. त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझा हात धरून दाराकडे ओढू लागली. सात वर्षांचं लेकरू. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

ती गल्ली पुन्हा चढून जाणं मला टाळता आलं असतं. दार लावून बसले असते तरी कोणी बोलवायला आलं नसतं. पण दार लावून ह्यांच्यासोबत त्या घरात बसणं मला त्याहून जड वाटलं. आम्ही वर गेलो. कारंजं फांदीला टेकलं होतं. लेकरं खाली नाचत होती आणि भिजलेले बाप भिंतीला ओळीनं उभे होते. मला बघून सगळ्यांनी काहीतरी करायला घेतलं. कोणी सदरा पिळला, कोणी चप्पल झटकली. कोणी काही विचारलं नाही. काय विचारणार? मी खाली गेले आणि पाणी वर आलं. एवढं तर त्या नाचणाऱ्या पोरांनाही समजलं असतं.

मी सिस्टरांपाशी थांबले. “तुम्हाला माहीत होतं?”

“कोण ते नव्हतं माहीत,” त्या हळू म्हणाल्या. “कोणीतरी उठून जाईल एवढं माहीत होतं.”

“आणि लेकराकडून शोधायला लावलंत?”

सिस्टरांनी शिट्टी गळ्यातून काढली आणि मुठीत धरली. “मोठ्यांनी शपथा घेऊन झाल्या होत्या, वहिनी.”

मला त्यांचं पटलं आणि त्यांचा रागही आला. दोन्ही आजही तसंच आहे. तेजू माझा पदर ओढत होती. फुगा तिच्या हातात गरम झाला असेल.

“मी कोणाला मारायचा?” तिनं विचारलं.

मी त्या ओळीत जाऊन उभी राहिले. घुगे भाऊजी एक पाऊल सरकले, हंगे काका दुसऱ्या बाजूला सरकले, आणि मधे एका माणसाची जागा झाली.

“आई, तू बाबा थोडीच आहेस?”

“मार गं.”

तिनं मारला. हलकेच मारला, तरी फुटला. छातीपासून पायापर्यंत साडी भिजली. मग मी जे रडू थांबवून ठेवलं होतं ते आलं, आणि तोंड ओलंच असल्यामुळे मी ते येऊ दिलं.

पाणी आता पुरतं निवळलं होतं. काचेसारखं. एरवी एवढ्यात सगळे चपला विसरून घराकडे धावले असते. हंगे काका निघायच्या बेतात पुढे झाले, तर काकूंनी त्यांचा सदरा धरून त्यांना सतरंजीवर बसवलं. घुगे भाऊजींनी घड्याळ बघितलं, गल्लीकडे बघितलं, आणि भेळेची रिकामी ताटली पुन्हा हातात घेतली. जो आधी उठेल त्याच्या पाठीवर सगळ्यांचे डोळे असणार होते, आणि तो घरी पोचेपर्यंत कारंजं जरा जरी खाली आलं असतं तरी त्याचं काय झालं असतं ते सगळ्यांनी नुकतंच बघितलं होतं. म्हणून कोणी उठेना. घराघरात हंडे कोरडे पडून होते आणि माणसं दुसऱ्याच्या अंगणात मांडी घालून बसली होती.

सिस्टरांनी बाटली सोडवली आणि पाइप आपल्या हौदात टाकला. रिकाम्या हौदात पाणी पडल्याचा आवाज आधी मोठा होता, मग भरत जाऊन बारीक होत गेला. दिवस कलला तरी नळ चालूच होता.

खुशाल उठून जायची मुभा सगळ्या गल्लीत एकट्या मला होती. माझ्या घराबद्दल कोणाला काही कळायचं उरलंच नव्हतं.

“तुम्ही जा की, वहिनी,” सिस्टर म्हणाल्या. “तुमचं पाणी जाईल.”

मी तेजूला जवळ ओढून तिचे केस पदरानं पुसत राहिले. मला घरी जायचं नव्हतं.